गोल्फमध्ये ३७ पट मारून ८८ आणि ३१ पट मारून ९७: पटिंगची नोंद नेमकी कशी ठेवावी?

मांजलपूरकर (७ डिसेंबर)

सर्वांना सप्रेम नमस्कार. माझे वय ५६, हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) १९. दर रविवारी आणि जमल्यास बुधवारी सकाळी वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातील गोल्फ कोर्सवर आम्ही चौघे खेळतो. गेल्या एप्रिलपासून मी प्रत्येक राउंडमधील (अठरा होलांच्या फेरीतील) पट, म्हणजे ग्रीनवर, कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पटर या काठीने मारलेले फटके, मोजून ठेवतो आहे. पद्धत साधी आहे: स्कोअरकार्डावर प्रत्येक होलच्या चौकटीत स्कोअरखाली बारीक अक्षरात पटची संख्या लिहायची आणि घरी आल्यावर वहीत बेरीज उतरवायची. आठ महिन्यांत ४१ राउंड झाले असून सरासरी ३४.६ पट अशी आहे.

आता अडचण सांगतो. या वर्षातील माझा सर्वांत चांगला स्कोअर (एकूण फटके, कमी तितके चांगले) ८८ आहे आणि त्या दिवशी मला ३७ पट लागले होते. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी ९७ मारले, अगदी वाईट खेळलो, पण पट मात्र फक्त ३१. वहीत पाने मागेपुढे करून पाहिली तेव्हा हा केवळ योगायोग नसल्याचे दिसले, कारण पट कमी असलेले बरेचसे राउंड स्कोअरच्या दृष्टीने वाईटच आहेत. मग मी आठ महिने जो आकडा लिहीत आलो, तो मला पटिंगविषयी काही सांगतो आहे की नाही?

मध्यंतरी एका प्रशिक्षकांना ही सरासरी सांगितली. त्यांनी वही न पाहताच पटर बदलण्याचा सल्ला दिला. मी तो मानला, बराच खर्च केला आणि त्यानंतरच्या ११ राउंडांची सरासरी ३४.४ आली. त्या अनुभवानंतर असे वाटू लागले की आधी दोष नक्की कुठे आहे ते कळले पाहिजे, उपाय नंतर. आपल्यापैकी जे नियमित नोंद ठेवतात, ते काय लिहितात, कधी लिहितात आणि त्यातून काय वाचतात, हे कृपया सविस्तर सांगावे. मोबाइलवरचे अ‍ॅप घ्यावे की वहीच बरी, याविषयीही मत हवे आहे.

रावपुरेकर (७ डिसेंबर)

मांजलपूरकर, आपण दिलेल्या दोन राउंडांतच उत्तर आहे, फक्त वजाबाकी करून पाहा. ८८ मधून ३७ गेले की ५१ उरतात. ९७ मधून ३१ गेले की ६६. म्हणजे ग्रीनवर पोहोचेपर्यंतच्या खेळात पहिल्या दिवशी आपण १५ फटके चांगले होता. त्या दिवशी आपण पार-३ वर (पार म्हणजे त्या होलसाठी ठरवलेले फटके) एका फटक्यात, पार-४ वर दोन आणि पार-५ वर तीन फटक्यांत किती ग्रीन गाठल्या होत्या, ते आठवते का? माझा अंदाज आहे की आठ-नऊ तरी असतील. अशी ग्रीन लांबून गाठली की बॉल बहुधा कपापासून पंचवीस-तीस फुटांवर थांबतो आणि तिथून दोन पट लागणे हे चांगलेच काम असते. उलट ९७ च्या दिवशी ग्रीन चुकत गेल्या, काठावरून चिप करून, म्हणजे छोट्या फटक्याने उडवून, बॉल चार-पाच फुटांवर आणला, आणि एका पटमध्ये होल संपले. त्यात कौतुक चिपचे आहे, पण श्रेय पटच्या रकान्यात जमा झाले.

म्हणून पटच्या बेरजेशेजारी नियमात, म्हणजे वर सांगितलेल्या फटक्यांत, गाठलेल्या ग्रीनची संख्या लिहिल्याशिवाय त्या बेरजेला अर्थ नाही. मी स्वतः ग्रीन गाठली असेल तर पटच्या आकड्याभोवती गोल करतो. वेगळा रकाना लागत नाही आणि घरी गेल्यावर गोलातल्या आकड्यांची सरासरी वेगळी काढता येते. एवढा बदल आपण उद्यापासून करू शकता.

अ‍ॅपविषयी: मी दोन वर्षे काठीच्या ग्रिपच्या (मुठीच्या) टोकाला बसवायचे सेन्सर वापरले. ड्रायव्हर आणि आयर्न या लांबच्या फटक्यांच्या काठ्यांची अंतरे कळायला ते उत्तम आहेत. पटिंगसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नये असे माझे ठाम मत झाले आहे, कारण उपग्रहावरून मिळणारे स्थान काही मीटर इकडेतिकडे होऊ शकते. दोनशे यार्डांच्या फटक्यात तीन मीटरने काही बिघडत नाही, पण कपापासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ती चूक सगळे चित्रच उलटे दाखवते. शिवाय कप त्या दिवशी ग्रीनवर कुठे कापला आहे, हे यंत्राला आपणच सांगावे लागते. अंतर पावलांनी मोजून अ‍ॅपमध्ये हाताने भरणार असाल तर अवश्य वापरा, पण मग वही काय वाईट?

सांख्यिक (८ डिसेंबर)

मी सांख्यिकी शिकवण्यात आयुष्य घालवले आणि निवृत्तीनंतर गोल्फ शिकलो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. रावपुरेकरांचे म्हणणे योग्य आहे, पण त्यांनी सुचवलेली सुधारणा अर्धीच आहे. ग्रीन गाठली असे आपण लिहिले तरी बॉल कपापासून सहा फुटांवर होता की साठ फुटांवर, हे त्यातून कळत नाही. पटिंगच्या नोंदीत एकच गोष्ट लिहायची झाली, तर ती पटची संख्या नसून पहिल्या पटचे अंतर आहे.

हा विचार पक्क्या पायावर उभा केला तो कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी. अमेरिकेतील पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत प्रत्येक फटक्याचे अंतर यंत्रांच्या साहाय्याने नोंदवले जाते. त्या प्रचंड नोंदीवरून कोणत्या अंतरावरून व्यावसायिक खेळाडूला सरासरी किती पट लागतात याचे कोष्टक त्यांनी तयार केले आणि २०११ मध्ये टूरने ‘स्ट्रोक्स गेन्ड’ या नावाने हे मोजमाप पटिंगसाठी स्वीकारले. त्या कोष्टकातील काही आकडे मी माझ्या स्कोअरकार्डाच्या पाकिटात चिकटवून ठेवले आहेत: ३ फुटांवरून १.०४, ८ फुटांवरून १.५०, १० फुटांवरून १.६१, २० फुटांवरून १.८७, ३३ फुटांवरून २.००, ४० फुटांवरून २.०६ आणि ६० फुटांवरून २.२१.

वापर कसा करायचा ते उदाहरणाने दाखवतो. समजा, पहिल्या होलवर बॉल २० फुटांवर आहे आणि आपण दोन पट घेतले: १.८७ वजा २, म्हणजे ०.१३ चा तोटा. दुसऱ्यावर ८ फुटांवरून पहिलाच पट पडला: १.५० वजा १, म्हणजे अर्ध्या फटक्याचा फायदा. तिसऱ्यावर ४० फुटांवरून तीन पट गेले: २.०६ वजा ३, म्हणजे ०.९४ चा तोटा. तीन होलांचे मिळून ०.५७ गेले, आणि ते कुठे गेले तेही समोर आहे. पटची नुसती बेरीज केली असती तर तीन होलांत सहा पट, म्हणजे सगळे ठीकठाक असेच वाटले असते.

या कोष्टकाशी तुलना करून कुणी निराश होऊ नये. व्यावसायिक खेळाडू ८ फुटांवरून दोनांतला एक पट घालतो, तर नव्वदच्या आसपास स्कोअर करणाऱ्या हौशी खेळाडूची निम्मी-निम्मी शक्यता साधारण ५ फुटांवर येते. आपला आकडा उणे असणारच. तो कोणत्या अंतरावर सर्वांत जास्त उणे आहे, एवढेच पाहायचे.

आता एक इशारा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका राउंडवरून निष्कर्ष काढू नये. ज्याची पाच फुटांवरची खरी क्षमता निम्मी आहे, अशा खेळाडूला एखाद्या दिवशी तसे दहा पट आले तर तो सात घालेल किंवा तीनच घालेल आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात काहीही बदललेले नसेल. असे शंभर पट जमा झाले तरी टक्केवारी पाच अंकांनी वरखाली होणे हे नित्याचेच. मांजलपूरकरांची सरासरी ३४.६ वरून ३४.४ झाली, यात नव्या पटरचा गुणही नाही आणि दोषही नाही. अकरा राउंडांत इतका फरक आपोआप पडतो.

हिरवळ_७ (८ डिसेंबर)

सांख्यिक काका, आपले कोष्टक मी वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घेतले. मांजलपूरकर दादांना मात्र मी एक वेगळाच प्रश्न विचारते: आपल्या चौघांत गिमी देण्याची, म्हणजे कपाजवळचा पट न मारताच पडला असे धरण्याची, पद्धत आहे का? असेल तर या ४१ राउंडांतील आकड्यांवर फारसा विश्वास ठेवू नये.

हे मी स्वानुभवावरून लिहिते आहे. आमच्या गटात सगळी आपलीच माणसे, त्यामुळे बॉल कपाजवळ आला की कुणीतरी म्हणतेच, “उचला, उचला.” सुरुवातीला ते अंतर पटरच्या ग्रिपएवढे होते, पुढे अख्ख्या पटरएवढे झाले आणि ज्याचा दिवस वाईट चालला आहे त्याच्यासाठी तर त्याहूनही जास्त. मॅचप्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरणाऱ्या खेळात) प्रतिस्पर्ध्याने पट सोडणे नियमात बसते, पण स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) बॉल कपात गेल्याशिवाय होल पूर्ण होत नाही. क्लबच्या मासिक स्पर्धेत पहिल्यांदा खेळले तेव्हा तीन फुटांच्या आतले चार पट माझ्या हातून चुकले. वर्षभर ते पट मी मारलेच नव्हते आणि वहीत मात्र प्रत्येक वेळी ते पडल्याचे लिहिले होते. त्या संध्याकाळी वही उघडून बसले तेव्हा फार वाईट वाटले. तेव्हापासून गटात स्पष्ट सांगून ठेवले आहे की माझा बॉल कुणी उचलायला सांगू नये. दोन-तीन आठवडे थोडे अवघडल्यासारखे झाले, मग सगळ्यांनाच सवय झाली. वेळही फारसा जात नाही.

ज्यांना गिमी टाळता येत नाही, त्यांनी निदान त्या पटसमोर ‘ग’ लिहावे आणि हिशेबात तो धरू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकलेला पट कोणत्या बाजूला चुकला, हे मी लिहिते. अंतरानंतर बाण काढते: कपाच्या अलीकडे थांबला तर खाली, पुढे गेला तर वर, उताराच्या वरच्या बाजूने गेला तर ‘व’, खालच्या बाजूने निसटला तर ‘खा’. डावे-उजवे लिहून उपयोग होत नाही, कारण उतार कधी डावीकडून उजवीकडे असतो, कधी उलट. माझ्या चार महिन्यांच्या पानांवर ‘खा’ इतक्या वेळा आला होता की बेरीज करण्याची गरजच पडली नाही. मी ब्रेक, म्हणजे उतारावर बॉल घेणारे वळण, कमी धरत होते. हे कळायला मला नवा पटर लागला नाही.

हिवाळ्यात एक फायदा सगळ्यांनी करून घ्यावा. सकाळी पहिल्या दोन-तीन ग्रीनवर दव असते आणि बॉलची वाट गवतावर स्पष्ट उमटते. पट मारून झाल्यावर मागे उभे राहून ती रेघ पाहा. बॉल कुठून वळायला लागला आणि शेवटच्या दोन फुटांत किती झुकला, हे जसे त्या रेघेत दिसते तसे एरवी कधीच दिसत नाही. मात्र दव असलेल्या ग्रीनवर बॉल मंद जातो, म्हणून त्या होलांचे ‘अलीकडे थांबला’ हे बाण मी वेगळ्या रंगात काढते.

मांजलपूरकर (९ डिसेंबर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, मनापासून आभार. रावपुरेकर, आपला अंदाज खरा निघाला. ८८ च्या दिवशी मी नऊ ग्रीन गाठल्या होत्या आणि ९७ च्या दिवशी दोनच. ताई, गिमीची पद्धत आमच्याकडे आहे आणि मी ती कधीच वेगळी लिहिली नाही. म्हणजे जुन्या वहीचा हा भागही गेला. नव्याने सुरुवात करतो.

एकच शंका: अंतर मोजायचे कसे? ग्रीनवर टेप घेऊन फिरता येत नाही, आणि मागच्या गटाला ताटकळत ठेवणे मला आवडत नाही.

रावपुरेकर (९ डिसेंबर)

पावलांनी. पण आपले पाऊल किती फुटांचे आहे हे आधी घरी टेप लावून पाहा. बहुतेकांना वाटते ते तीन फुटांचे असते आणि प्रत्यक्षात अडीचच भरते. दहा पावलांत पाच फुटांचा फरक पडला की पंचवीस फुटांचा पट आणि तीस फुटांचा पट एक होऊन बसतो. अंगणात तीस फुटांवर खूण करून चार-पाच वेळा सहज चालीने चालावे आणि पावले मोजावीत. मुद्दाम लांब टांगा टाकू नयेत, कारण अठराव्या होलपर्यंत ते टिकत नाही.

ग्रीनवर इतरांची तयारी चालली असताना आपल्या लाइनच्या (बॉल ते कप या वाटेच्या) बाजूने कपाकडे चालत जावे. कुणाच्याही लाइनवर पाय पडू देऊ नये. आकडा डोक्यात ठेवावा आणि पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागी) गेल्यावर लिहावा. ग्रीनवर थांबून लिहिणे मागच्या गटाला त्रासाचे होते. दहा फुटांच्या आत मात्र पावलांचा उपयोग नाही, तिथे पटरची लांबी हेच माप. माझा पटर ३४ इंचांचा आहे, म्हणजे जवळजवळ तीन फूट. नजरेने दोन पटर, तीन पटर असे सहज सांगता येते. फुटाच्या अपूर्णांकात शिरू नये.

मांजलपूरकर (१६ फेब्रुवारी)

दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. नव्या पद्धतीने सहा राउंड पूर्ण नोंदवले. एकही गिमी घेतली नाही. अंगणात मोजले तेव्हा माझे पाऊल दोन फूट आठ इंचांचे निघाले.

१०८ होलांपैकी ४१ होलांवर माझा पहिला पट २० फुटांपेक्षा लांबचा होता. एकूण १५ थ्री-पट (एका होलवर तीन पट) झाले आणि त्यांतले १४ याच ४१ होलांवरचे आहेत. त्या ४१ पैकी २३ वेळा पहिला पट कपाच्या अलीकडे थांबला, आणि तोही एखाद्या फुटाने नव्हे. एक होल डोळ्यांसमोर आहे. ३५ फूट, चढ, मी अगदी सरळ मारला, लाइन उत्तम होती, आणि बॉल नऊ फूट अलीकडे थांबला. वहीत त्या चौकटीत लिहिले आहे: ३५, खालचा बाण, ९, पुन्हा खालचा बाण, ३.

याउलट चार ते सहा फुटांवरून, दुसऱ्या पटसह सगळे धरून, ३८ पैकी २१ पट पडले. सहा वर्षे मी समजत होतो की माझे छोटे पट कच्चे आहेत. सरावाचा सगळा वेळ मी तिथेच घालवत आलो, आणि पटर बदलला तोही त्याच समजुतीने.

सांख्यिक (१६ फेब्रुवारी)

फार चांगली नोंद आहे. ३८ पैकी २१ म्हणजे ५५ टक्के. हँडिकॅप १९ असणाऱ्याला ते शोभण्यासारखे आहे, पण ३८ ही संख्या लहान असल्यामुळे खरी क्षमता चाळिशीत किंवा सत्तरीच्या जवळही असू शकते. या आकड्याला अजून वेळ द्यावा. लांबच्या पटचे मात्र तसे नाही. १५ पैकी १४ थ्री-पट एकाच अंतराच्या पट्ट्यात येणे हे योगायोगाने होत नाही, आणि त्याचे कारणही तुम्हीच लिहून ठेवले आहे: बॉल पोहोचत नाही.

यापुढे २० फुटांपलीकडच्या प्रत्येक पहिल्या पटसमोर तो कपापासून किती फुटांवर थांबला, एवढा एक आकडा नेमाने लिहा. थ्री-पटपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे, कारण थ्री-पट होणे न होणे हे पुढचा पट पडतो की नाही यावरही अवलंबून असते, तर उरलेले अंतर हे फक्त पहिल्या पटचे फळ असते. प्रत्येक राउंडला असे सहा-सात आकडे मिळतील आणि महिन्याभरात त्यांची सरासरी खाली येते आहे की नाही ते दिसेल. राउंडच्या आधी सरावाच्या ग्रीनवर जाऊन कपाकडे न पाहता वीस, तीस आणि चाळीस फुटांचे पट मारावेत. बॉल कुठे थांबला हे पाहण्याआधी तो अलीकडे राहिला की पुढे गेला, हे मोठ्याने सांगावे आणि मग मान वर करावी. हाताला अंतर कळते आहे की नाही, हे यातून समजते.

मांजलपूरकर (१७ फेब्रुवारी)

असेच करतो. जाता जाता एक विचारायचे राहिले: बॉल ग्रीनच्या काठावर, म्हणजे फ्रिंजवर असताना मी बऱ्याचदा पटरच वापरतो. तो फटका पट धरायचा का?

हिरवळ_७ (१७ फेब्रुवारी)

धरायचा नाही, दादा. बॉल ग्रीनवर असेल तरच पट. हातात पटर आहे म्हणून तो पट होत नाही. पण फेकूनही देऊ नका, त्या होलसमोर ‘फ्रिं’ लिहून अंतर आणि उरलेले अंतर वेगळे नोंदवा. आपला बॉल अलीकडे राहतो आहे, तेव्हा काठावरच्या जरा उंच गवतातून तो किती अडतो हे पाहणे आपल्याला उपयोगी पडेल. बुधवारी सकाळी साडेसहाला मी सरावाच्या ग्रीनवर असते आणि माझ्या पिशवीत पन्नास फुटी टेप असतो. पहिल्या टीच्या आधी वीस, तीस आणि चाळीस फुटांवर टीच्या खुंट्या खोचून ठेवते, आपणही या.